मी सन आणि होई आन: एकाच नदीवरची दोन ठिकाणं आणि मधल्यामध्ये विसरलेली माणसं

व्हिएतनामला जाऊन आलेल्या कुणाचंही इन्स्टाग्राम उघडा. दोन फोटो हमखास सापडतात. पहिला पिवळ्या भिंतींच्या जुन्या गल्लीतला, डोक्यावर रंगीत कंदिलांची रांग. दुसरा जंगलातला, मागे लाल विटांचं पडकं देऊळ आणि खाली 'हजारो किलोमीटर दूर आपलं शिवमंदिर' अशा अर्थाची ओळ. पहिला फोटो होई आन या जुन्या नदीकाठच्या गावातला असतो, दुसरा मी सनच्या खोऱ्यातला.

दोन्ही ठिकाणं मध्य व्हिएतनाममध्ये, दा नांग शहराजवळ आहेत. एकापासून दुसरं साधारण ४० किलोमीटरवर. पाठीवर सॅक टाकून फिरणारे बहुतेक जण होई आनला मुक्काम करतात, पहाटे मिनीबसने मी सनला जातात, दुपारपर्यंत परततात आणि संध्याकाळी कंदील बघतात. मीही तेच केलं. या प्रवासात देवळांची माहिती वेगळी मिळते आणि गावाची वेगळी. देवळं 'हिंदू', गाव 'चिनी-जपानी', असा सरळ हिशेब. दोन्ही जागा एकाच नदीने जोडलेल्या आहेत आणि ती जोडणी ज्यांनी केली ते चाम लोक आजही व्हिएतनाममध्ये राहतात, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

आधी उच्चाराचं बघू. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपल्याकडे सर्रास 'माय सन' म्हटलं जातं. खरा उच्चार 'मी सन'च्या जवळचा. मी म्हणजे सुंदर, सन म्हणजे डोंगर. सुंदर डोंगर. हे नाव व्हिएतनामी आहे, म्हणजे देवळं बांधणाऱ्यांनी दिलेलं नाही.

चंपा हे राज्य होतं तरी काय?

आजच्या व्हिएतनामचा मधला आणि दक्षिणेचा किनारा पूर्वी व्हिएतनामी लोकांच्या हातात नव्हता. तिथे चाम लोकांची राज्यं होती. त्यांची भाषा व्हिएतनामी भाषेपेक्षा अगदी वेगळ्या कुळातली, मलय आणि इंडोनेशियातल्या भाषांच्या नात्यातली. ही माणसं दर्यावर्दी होती. डोंगर समुद्राला चिकटून असल्यामुळे इथे मोठं सपाट राज्य उभं राहणं कठीणच. एकेका नदीच्या खोऱ्यात एकेक सत्ताकेंद्र होतं. या सगळ्यांना मिळून आपण 'चंपा' म्हणतो.

या केंद्रांची नावं वाचली की कान टवकारतात. अमरावती, विजय, कौठार आणि पांडुरंग. हो, पांडुरंग. त्यावर शेवटी येऊ.

मी सन अमरावतीच्या भागात येतं. इथून वाहणारी नदी म्हणजे थु बोन. चाम लोकांचं गणित समजायचं तर तिचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवायला हवा. वर, डोंगरांच्या कुशीत, मी सन हे देवस्थान. मध्ये, मैदानात, राजधानी. तिचं संस्कृत नाव सिंहपूर आणि आजचं गाव त्रा किएउ. खाली, नदी समुद्राला मिळते तिथे, बंदर. ते बंदर आजच्या होई आनच्या परिसरात होतं. डोंगरातून अगरू, दालचिनी, हस्तिदंत असा माल नदीने खाली यायचा, बंदरात जहाजांवर चढायचा. त्या पैशावर राजधानी चालायची आणि राजे वर डोंगरात देवळं बांधायचे. देव, राजा आणि बाजार, तिन्ही एका प्रवाहावर.

हे नुसतं तर्काने मांडलेलं चित्र नाही. होई आनसमोरच्या समुद्रात कु लाव चाम नावाची बेटं आहेत. नावातच चाम. तिथल्या उत्खननात हजारेक वर्षांपूर्वीची चिनी भांडी आणि पश्चिम आशियातली काच मिळाली आहे. चीन आणि अरबस्तानच्या मधल्या सागरी वाटेवर हा थांबा होता. भारतातली जहाजं, व्यापारी, ब्राह्मण आणि संस्कृत भाषा याच वाटेने आली.

खोऱ्यात पोचल्यावर काय दिसतं?

मी सन सकाळी सहाच्या सुमारास उघडतं आणि तेव्हाच जावं. नऊनंतर दोन गोष्टी होतात: दा नांगहून मोठ्या बसेस येतात आणि ऊन असह्य होतं. खोरं जेमतेम दोनेक किलोमीटर रुंद, चहूबाजूंनी डोंगर. सकाळी धुकं खाली उतरलेलं असतं. दक्षिणेकडे मांजराच्या सुळ्यासारखं टोक असलेला एक डोंगर दिसतो. स्थानिक लोक त्याला मांजराचा दातच म्हणतात. चाम राजांच्या संस्कृत शिलालेखात महापर्वत आणि महानदी अशी नावं येतात. महापर्वत तो हाच आणि महानदी म्हणजे थु बोन, असं अभ्यासक मानतात.

हे देवस्थान सुरू केलं भद्रवर्मन नावाच्या राजाने, चौथ्या शतकाच्या अखेरीस. त्याने इथे शिवलिंग स्थापन केलं आणि देवाला स्वतःचं नाव जोडलं: भद्रेश्वर. राजाच्या नावाने लिंग स्थापन करायची ही पद्धत पुढे या सगळ्या प्रदेशात रुजली. पहिलं देऊळ लाकडी होतं, ते जळालं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला शंभुवर्मनने ते विटांत बांधलं आणि देवाचं नाव केलं शंभुभद्रेश्वर. जुनं नाव पुसलं नाही, त्यात आपलं मिसळलं. पुढची सहाशे-सातशे वर्षं राजे बदलत राहिले आणि प्रत्येकाने या खोऱ्यात काहीतरी भर घातली, तेराव्या शतकापर्यंत.

भद्रवर्मनचा शिलालेख मला फार आवडला. तो खोऱ्यातली जमीन देवाला देतो, तिच्या सीमा सांगतो आणि मग पुढच्या राजांना बजावतो: हे दान मोडाल तर तुमचं पुण्य माझ्या खात्यात आणि माझं पाप तुमच्या. आपल्याकडे कोकणात शिलाहारांच्या काळातले गधेगाळ पाहिले असतील, तर दान मोडणाऱ्याला दम देणं ही किती लांबवर पसरलेली सवय होती हे कळतं. त्यामानाने भद्रवर्मनची भाषा बरीच सभ्य आहे.

देवळांची रचना समजून घेतली तर बघायला मजा येते. मधल्या उंच मनोऱ्याला कलान म्हणतात, तो म्हणजे गाभारा. आत माणसं मावत नाहीत, फक्त देव आणि पुजारी. समोर गोपुर, त्यापुढे मंडप. शेजारी वाकवलेल्या छपराचं एक बुटकं बांधकाम दिसतं, उलट्या होडीसारखं. ते कोषगृह. देवाच्या वस्तू आणि दागिने ठेवायची जागा. चाम राजे लिंगावर चढवायला सोन्याचांदीचे मुखवटे अर्पण करत. त्यांना कोष म्हणत आणि शिलालेखांत त्यांची अभिमानाने नोंद असे. महाराष्ट्रातल्या शिवमंदिरांत सणाला पिंडीवर चांदीचा मुखवटा बसवलेला पाहिलेल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

देवळांना राजांची किंवा देवांची नावं न देता 'बी १', 'सी १', 'ए १०' अशी कारखान्यातल्या सुट्या भागांसारखी नावं आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आँरी पारमाँतिए या फ्रेंच अभ्यासकाने इथे काम केलं. त्याने ७०हून अधिक बांधकामं नोंदवून गटांना इंग्रजी अक्षरं दिली. तीच चालू राहिली. आज त्यातली वीसेक बांधकामं बऱ्या स्थितीत आहेत.

मूर्ती फारशा दिसणार नाहीत. चांगल्या मूर्ती फ्रेंचांच्या काळातच दा नांगला हलवल्या गेल्या. तिथे चाम शिल्पांचं मोठं संग्रहालय आहे. मी सनच्या 'ई १' देवळातली सातव्या शतकातली पीठिका तिथे आहे, तिच्यावर डोंगरातल्या तपस्व्यांचं रोजचं आयुष्य कोरलंय. एक जण चक्क बासरी वाजवत बसलाय. दा नांगला अर्धा दिवस मिळाला तर हे संग्रहालय आधी बघा आणि मी सनला नंतर जा. उलट केलं तर खोऱ्यातल्या रिकाम्या कोनाड्यांत काय होतं, ते कळत नाही.

विटांमध्ये चुना का दिसत नाही?

मी सनच्या भिंतीजवळ गेलात की ही गोष्ट सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. दोन विटांमध्ये फट जवळपास नाहीच. चुना किंवा माती काहीच दिसत नाही. यावर वर्षानुवर्षं कहाण्या चालल्या: आधी कच्च्या विटांचं आख्खं देऊळ रचलं आणि मग बाहेरून आग लावून ते भाजलं, वगैरे. ही कहाणी अजूनही रील्समध्ये फिरते. अभ्यासकांना मात्र झाडाच्या डिंकाचे पुरावे मिळाले. या भागात डिप्टेरोकार्पस जातीची झाडं आहेत. त्यांचं राळेसारखं तेल स्थानिक लोक होड्या पाणीबंद करायलाही वापरतात. विटा एकमेकींवर घासून अगदी बेमालूम बसवायच्या, मध्ये या राळेचा पातळ थर द्यायचा आणि भिंत उभी राहिल्यावर तिच्यावर नक्षी कोरायची. सुट्या विटा कोरून मग जोडलेल्या नाहीत, म्हणून फुलांची वेल एका विटेवरून दुसरीवर न तुटता जाते.

आता एक प्रयोग करून बघा. भिंतीवर शेवाळ कुठे आहे आणि कुठे नाही ते शोधा. हजार वर्षांपूर्वीच्या विटा बऱ्याच ठिकाणी लालभडक, कोरड्या दिसतील. त्यांच्या शेजारच्या हिरव्या, पांढुरक्या, भुसभुशीत झालेल्या विटा अनेकदा गेल्या काही दशकांत बसवलेल्या असतात. नव्या विटा ओल धरतात. जिथे सिमेंट वापरलं तिथे क्षार फुटले. जुन्या कारागिरांना जे जमत होतं ते पुन्हा जमवायला किती वेळ लागला, हे भिंतच सांगते.

ऑगस्ट १९६९

दोन गटांच्या मधल्या वाटेवर गवताने भरलेले मोठे गोल खड्डे दिसतात. पावसात त्यांत पाणी साचतं. अनेकांना ती तळी वाटतात. ते बॉम्बचे खड्डे आहेत.

अमेरिकेशी युद्ध सुरू असताना कम्युनिस्ट गनिमांनी या खोऱ्याचा तळ म्हणून वापर केला. चहूबाजूंनी डोंगर, दाट झाडी, लपायला यापेक्षा चांगली जागा नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन विमानांनी इथे बॉम्बफेक केली. 'ए १' हे मी सनमधलं सर्वांत उंच आणि चाम वास्तुकलेतलं सर्वोत्तम समजलं जाणारं दहाव्या शतकातलं देऊळ. आजच्या आठ-नऊ मजली इमारतीएवढं. त्या बॉम्बफेकीत ते कोसळलं. आज तिथे विटांचा ढिगारा, दगडी पीठ आणि काही खांब उरलेत. 'ए १' कसं दिसायचं हे आपल्याला कळतं ते पारमाँतिएने काढून ठेवलेल्या रेखाचित्रांवरून आणि जुन्या फोटोंवरून.

फिलिप स्टर्न या फ्रेंच कलाभ्यासकाने अमेरिकेच्या सरकारकडे याबद्दल निषेध नोंदवला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडून सैन्याला चाम वास्तू वाचवण्याच्या सूचना गेल्या. तोवर 'ए १' गेलेलं होतं. युद्ध संपल्यावरही खोरं भूसुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बनी भरलेलं होतं. ते साफ करताना माणसं गेली.

बहुतेक सहलींत 'ए' गट सर्वांत शेवटी येतो आणि तोवर लोक थकून परतीला लागतात. उभी देवळं 'बी', 'सी', 'डी' गटांत असल्याने फोटो तिथेच होतात. माझं मत विचाराल तर उलट करा. 'ए १'च्या ढिगाऱ्यासमोर पाच मिनिटं उभं राहिल्यावर उभ्या देवळांकडे बघायची नजर बदलते.

कामात उतरलेला पोलंडचा माणूस

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंड आणि व्हिएतनामच्या करारातून काझिमिएझ क्वियातकोव्स्की नावाचा वास्तुविशारद इथे आला. व्हिएतनामी लोकांना ते नाव जमेना, म्हणून तो झाला काझिक. सुरुंगांनी भरलेल्या जंगलात राहून त्याने स्थानिक सहकाऱ्यांबरोबर पडायला आलेल्या भिंतींना आधार दिला. त्याची भूमिका सरळ होती: जे आहे ते टिकवा, जे नाही ते कल्पनेने उभं करू नका. आज मी सनमध्ये जी बांधकामं उभी दिसतात, त्यांतली बरीच त्याच्या या हट्टामुळे तगली.

तेव्हाचं होई आन गरीब, जुनाट, गळक्या कौलांचं गाव होतं. जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाची हरकत नव्हती. या घरांचं मोल ओळखून ती जपा, असं आग्रहाने सांगणाऱ्यांत काझिक पुढे होता. १९९७ मध्ये हुए शहरात काम करत असताना तो वारला. दोन वर्षांनी मी सन आणि होई आन दोन्ही युनेस्कोच्या यादीत आली. होई आनच्या जुन्या गावात त्याचं छोटंसं स्मारक आहे. लोक त्याच्या शेजारी बसून आइस्क्रीम खातात. ते कुणाचं आहे हे विचारलं तर फार जणांना सांगता येत नाही.

त्यानंतर इटलीच्या तज्ज्ञांनी 'जी' गटावर काम केलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ ते २०२२ या काळात 'ए', 'एच' आणि 'के' गटांवर काम केलं. मे २०२० मध्ये 'ए १०' देवळात वाळूच्या दगडाचं मोठं अखंड शिवलिंग पूर्ण बाहेर काढण्यात आलं. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्याचे फोटो ट्विट केले आणि लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या आपल्या लोकांनी पहिल्यांदा मी सनचं नाव ऐकलं. ते लिंग नवव्या शतकातलं आहे.

मग ही देवळं भारतीयांनी बांधली का?

नाही. आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक पोस्ट नेमक्या इथेच घसरतात.

या समजाला जुना इतिहास आहे. १९२७ मध्ये इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार यांनी चंपावर एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी इथले अनेक संस्कृत शिलालेख इंग्रजीत आणले, ते काम आजही उपयोगाचं आहे. पण त्या ग्रंथमालेचं नावच 'सुदूर पूर्वेतल्या प्राचीन भारतीय वसाहती' अशा अर्थाचं होतं. ब्रिटिशांच्या गुलामगिरीत असलेल्या देशाला 'आमच्याही वसाहती होत्या' हे ऐकायला बरं वाटणं समजू शकतं.

पुढच्या संशोधनातून चित्र बदललं. भारतातून कुणी सैन्य घेऊन आल्याचा किंवा मोठ्या संख्येने वस्ती केल्याचा पुरावा नाही. चाम सरदारांनी शिवाची उपासना, संस्कृत, लिपी आणि राजेपणाच्या कल्पना स्वतःहून उचलल्या, कारण त्या त्यांच्या कामाच्या होत्या. ज्या काळात ते संस्कृत शिलालेख कोरत होते, त्याच काळात त्यांची स्वतःची भाषाही दगडावर आली. राजधानी त्रा किएउजवळ सापडलेला चाम भाषेतला लेख चौथ्या शतकातला मानला जातो. मलय, जावानी, फिलिपिनो या सगळ्या भाषांच्या कुळातला तो सर्वांत जुना लेख आहे.

शिव इथे आला तो चाम झाला. विटांची कला आणि उलट्या होडीचं छप्पर ही त्यांचीच. चाम समाजात वारसा आईकडून मुलीकडे जातो, हेही भारतातून आलेलं नाही. आमच्या मिनीबसचा गाईड मी भारतीय आहे कळल्यावर हसून म्हणाला, 'मग हे तुमचंच.' त्याला पाहुण्याला खूश करायचं होतं. पण ज्यांनी बांधलं त्यांचे वंशज त्याच्या देशात राहतात, हे सहलीच्या चार तासांत एकदाही आलं नाही.

ते दिसले मात्र. मी सनमध्ये दिवसातून काही वेळा चाम नृत्याचा कार्यक्रम होतो. प्रेक्षकांचं लक्ष नर्तकींकडे असतं. तुम्ही कोपऱ्यातल्या वादकांकडे बघा. लाकडी फुंकवाद्याचं नाव सरनाई, म्हणजे आपल्या सनईच्याच गोतावळ्यातलं. सोबत पारानुंग आणि गिनांग हे ढोल. सरनाई सुरू झाली तेव्हा शेजारच्या नागपूरच्या काकू पटकन म्हणाल्या, 'लग्न लागतंय जणू.'

नदीने खाली: होई आन

जमल्यास परतीची अशी सहल घ्या ज्यात शेवटचा टप्पा होडीने असतो. थोडे जास्त पैसे पडतात, वेळही जातो, पण डोंगरातून बंदराकडे जाणारी वाट पाण्यावरून बघता येते.

१४७१ मध्ये व्हिएतनामी राजाने चंपाचं विजय हे शहर जिंकलं आणि चंपाचा कणा मोडला. थु बोनचं खोरंही व्हिएतनामी सत्तेखाली गेलं. वरची देवळं रानात गेली, पण खालचं बंदर मरण्याचं कारण नव्हतं. वारा तोच, नदी तीच. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्युएन घराण्याच्या सरदारांनी परदेशी व्यापाऱ्यांना इथे बोलावलं आणि होई आन भरभराटीला आलं. युरोपीय लोक त्याला फायफो म्हणत.

व्यापाराचं वेळापत्रक मोसमी वारे ठरवत. ईशान्येचा वारा सुरू झाला की चीन-जपानची जहाजं खाली यायची. नैऋत्येचा वारा सुरू होईपर्यंत त्यांना परत जाता येत नसे. मग महिनोन्‌महिने इथेच मुक्काम. मुक्कामासाठी घरं, घरांसाठी गल्ल्या, माणसांसाठी देवळं आणि पाठोपाठ इथेच लग्नं. होई आनच्या लांबट घरांची एक बाजू रस्त्याला आणि दुसरी नदीकडे उघडते: पुढे दुकान, मागे माल उतरवायची सोय. फुजियन प्रांतातून आलेल्या चिनी व्यापाऱ्यांचं सभागृह बघा, तिथे समुद्रावरच्या माणसांना सांभाळणारी थियेन हाउ देवी आहे.

जपानी पूल हा गावाचा चेहरा. १५९३ मध्ये काम सुरू झालं असं परंपरा सांगते. लांबी अवघी १८ मीटर, वर छप्पर, एका टोकाला माकडं आणि दुसऱ्या टोकाला कुत्रे राखण करतात. २०,००० डाँगच्या नोटेवर हाच पूल आहे, म्हणजे न बघताही तुमच्या खिशात असतो. एक लोककथा अशी: जमिनीखाली एक राक्षसी प्राणी आहे, डोकं भारतात, शेपूट जपानमध्ये आणि धड होई आनखाली. तो हलला की जपानमध्ये भूकंप होतो. म्हणून त्याच्या पाठीवर पूल ठोकून त्याला जखडलं. कथेतसुद्धा व्यापाराचा नकाशा आहे बघा. १७१९ मध्ये न्युएन फुक चू या सरदाराने पुलाला जे नाव दिलं, त्याचा अर्थ 'दुरून येणाऱ्यांचा पूल'. तोवर जपानने आपल्या लोकांना परदेशी जायला बंदी घालून ऐंशीएक वर्षं झाली होती.

पूल डागडुजीसाठी बंद होता, तो ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला आणि व्हिएतनामी सोशल मीडियावर गदारोळ उडाला. रंग फारच ताजा, पूल नवाकोरा दिसतो, म्हातारपण पुसलं, अशा तक्रारी. जीर्णोद्धार करणाऱ्यांचं म्हणणं होतं की रंग जुन्या खुणांवरूनच ठरवला आणि ऊन-पावसात तो मुरेल. मी सनच्या विटांपुढे काझिकने जो प्रश्न घातला होता, तोच पुन्हा चावडीवर आला.

दुकानांच्या पाट्या वाचताना एक लक्षात येतं: व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहितात. या लिपीची सुरुवातही याच परिसरात झाली. सतराव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या जेझुइट धर्मोपदेशकांनी स्थानिक भाषा शिकण्यासाठी ती रोमन अक्षरांत उतरवली. त्यातला अलेक्सांद्र द रोद हा गोव्यात मुक्काम करून पुढे इकडे आला होता आणि त्याचा शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. त्याच काळात गोव्यात फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापलं जात होतं. आपल्याकडे देवनागरी टिकली, तिकडे रोमन राहिली.

पुढे नदीत गाळ साचला, मोठी जहाजं आत येईनात. फ्रेंचांनी दा नांग बंदर वाढवलं आणि होई आन मागे पडलं. जुनी घरं पाडायला लागणारा पैसाच गावात आला नाही, म्हणून ती वाचली. नदीचा धाक मात्र कायम आहे. तान की या जुन्या घराच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं याच्या खुणा आहेत. काही डोक्याच्याही वर. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा असाच मोठा पूर आला आणि गल्ल्यांतून होड्या फिरल्या. सप्टेंबर ते डिसेंबर इथलं नियोजन जपूनच करा. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.

कामाच्या चार गोष्टी

परदेशी पर्यटकांना मी सनचं तिकीट दीड लाख डाँग आणि होई आनच्या जुन्या गावाचं एक लाख वीस हजार डाँगच्या आसपास पडतं. आकडा बघून घाबरू नका, एका रुपयाला साधारण ३०० डाँग मिळतात. दर बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. व्हिसा ऑनलाइन मिळतो.

स्कूटर भाड्याने घेऊन मी सनला जाणारे बरेच भेटतील. आपण थांबावं. भारतातला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसार मिळतो, व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतो. भाड्याने गाडी देणारा काही विचारत नाही. अपघात झाला की विमा कंपनी विचारते.

शाकाहारींनी 'चाय' हा शब्द पाठ करावा. चहा नव्हे, शाकाहारी. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अनेक व्हिएतनामी घरांतही चाय असतं, तेव्हा पर्याय वाढतात. माशांपासून केलेला सॉस मात्र कशातही असू शकतो, म्हणून विचारून घ्या. होई आनच्या काव लाउ नावाच्या जाड शेवयांच्या पदार्थासाठी बा ले विहिरीचंच पाणी लागतं, अशी गावाची ठाम समजूत आहे. ती विहीर चाम लोकांनी बांधली असंही सांगतात. दर चांद्र महिन्याच्या चतुर्दशीला गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. गर्दी प्रचंड असते. नदीत सोडलेले कागदी दिवे सकाळी कुणीतरी वेचत असतं, त्यामुळे मी तरी घेतला नाही.

आणि पांडुरंग?

चंपाचं सर्वांत दक्षिणेचं राज्य होतं पांडुरंग. विजय पडल्यावरही ते साडेतीनशे वर्षं तगून राहिलं आणि १८३२ मध्ये सम्राट मिन मांगने ते पूर्णपणे व्हिएतनाममध्ये विलीन केलं. नावाचा अपभ्रंश आजही नकाशावर आहे: फान रांग. आपल्या विठ्ठलाशी याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. संस्कृतातला एक शब्द दोन किनाऱ्यांवर वेगवेगळ्या वाटांनी पोचला, इतकंच.

२०१९ च्या जनगणनेनुसार व्हिएतनाममध्ये पावणेदोन लाखांहून जास्त चाम लोक आहेत. त्यातले अनेक मुस्लिम, काही बानी या स्थानिक इस्लामी परंपरेतले आणि काही स्वतःला बालामोन म्हणवणारे. बालामोन म्हणजे ब्राह्मण शब्दाचंच रूप, पण जात नव्हे, अख्ख्या समाजाचं नाव. फान रांगच्या टेकडीवर पो क्लाँग गराई या राजाचं विटांचं देऊळ आहे. आत मुखलिंगाच्या रूपात राजाच देव होऊन बसलाय. हे देऊळ मी सनसारखं ओसाड नाही. ऑक्टोबरच्या सुमारास काते सणाला बालामोन चाम पांढरे कपडे घालून इथे येतात, देवाला आंघोळ घालतात, वस्त्रं नेसवतात, सरनाई वाजते.

दा नांगहून दक्षिणेकडे जाणारी रात्रीची रेल्वे तिथे थांबते. देऊळ स्टेशनच्या अगदी जवळ आहे. स्टेशनचं नाव थाप चाम, म्हणजे चाम मनोरा.